दीड हजारांचा हिशेब

बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून माझ्या बऱ्याच संध्याकाळी लोकांचे फॉर्म भरण्यात जातात. पॅनकार्ड, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, वीजजोडणी, आणि अलीकडे सगळ्यात जास्त पासपोर्ट. दांडिया बाजारात आमच्या वाड्याच्या पुढच्या खोलीत लॅपटॉप आणि प्रिंटर मांडून ठेवला आहे. बडोद्यात कुणाच्या ना कुणाच्या घरातलं माणूस परदेशी निघालेलं असतंच. कुणी शिकायला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी आखातात कामाला.

गेल्या वर्षी एक पोरगा आला. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात वेल्डर. वडील तीसेक वर्षांपूर्वी खानदेशातून इथे आले, त्यामुळे घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि माझ्याशी मराठी. एका एजंटने कतारचं काम सांगितलं होतं. फॉर्म भरून झाला, पैसे भरायची वेळ आली. त्याच्या खात्यात तेवढे नव्हते, म्हणून बायकोला फोन लावून तिच्या फोनवरून १,५०० रुपये भरले. पावती छापून मी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "काका, ह्यात पोलिसांचं पण आलं का?"

"आलं रे. पोलिसांना वेगळं काही द्यायचं नाही," मी म्हटलं. त्याने मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता.

तो गेल्यावर मी ती पावती पुन्हा पडद्यावर उघडून पाहिली. एक आकडा. कशाचे किती, काही नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला अशी पावती अर्धवट वाटते. साध्या कर्जाच्या खात्यातही मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, हे आम्हाला वेगवेगळं दाखवावं लागायचं. सरकार साध्या पासपोर्टसाठी प्रौढ अर्जदाराकडून १,५०० रुपये घेतं आणि त्यातला एक रुपया कुठे जातो ते सांगत नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी निमूटपणे मान्य केली आहे. ती करू नये, असं माझं म्हणणं आहे. आणि हे म्हणणं कायद्याला धरून आहे.

पासपोर्टचा कायदा १९६७ चा. तो झाला त्यालाही कारण आहे. त्याआधी पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग सावनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायदा नसताना सरकारला तो अडवता येणार नाही. मग घाईघाईने अध्यादेश आला आणि पुढे कायदा. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने हा हक्क आणखी पक्का केला. म्हणजे पासपोर्ट ही सरकारने मेहेरबानी म्हणून द्यायची वस्तू उरलेली नाही. तो हक्क बजावायला लागणारा कागद आहे, आणि त्या कागदाची किंमत ठरवणं म्हणजे हक्काच्या दारावर किती उंचीचा उंबरठा घालायचा ते ठरवणं.

ही उंची कोण ठरवतं? संसद नाही. कायद्यात आकडा नाही. आकडा आहे १९८० च्या पासपोर्ट नियमांच्या परिशिष्टात, आणि तो केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून बदलतं. नियम नंतर संसदेच्या पटलावर ठेवले जातात. आधी मसुदा दाखवून तुमचं-माझं म्हणणं विचारण्याची पद्धत इथे रुजलेली नाही. एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक तारखेपासून शुल्क इतकं.

पण कायद्यात आकडा नसला तरी एक वाक्य आहे, आणि माझ्या मते सगळी चर्चा तिथून सुरू व्हायला हवी. पाचव्या कलमात म्हटलं आहे की अर्जासोबत द्यायचं शुल्क हे विशेष सुरक्षा कागद, छपाई, लॅमिनेशन आणि पासपोर्ट देण्याशी संबंधित इतर किरकोळ सेवा यांवर होणारा खर्च भागवण्यासाठी आहे. कलम पुन्हा पुन्हा वाचावं इतकं स्पष्ट आहे. कागद, छपाई, लॅमिनेशन, संबंधित सेवा. खर्च भागवण्यासाठी. ज्या शुल्काचा हेतू कायद्यानेच असा नेमका बांधून दिला आहे, त्या शुल्काचा हिशेब मागणं हा नागरिकाचा आगाऊपणा कसा होईल?

कर आणि शुल्क यांत फरक आहे आणि तो आपल्याकडे १९५४ पासून, शिरूर मठाच्या खटल्यापासून, न्यायालयांनी मानलेला आहे. कर द्यायचा तो सगळ्यांच्या कामासाठी, त्याच्या बदल्यात मला नेमकं काय मिळालं हे मी विचारू शकत नाही. शुल्क घेतलं जातं ते एखाद्या ठरावीक सेवेच्या बदल्यात. पुढच्या काळात न्यायालयांनी हा नियम सैल केला, पैशाला पैसा जुळलाच पाहिजे असं नाही असंही सांगितलं. ते ठीक आहे. प्रत्येक पासपोर्टमागे पै-पैचा ताळमेळ बसवा, असं मीही म्हणत नाही. पण साधारण कागदाचे किती, छपाईचे किती, केंद्र चालवणाऱ्या कंपनीला किती, पोलिसांना किती, टपालाचे किती, एवढं तर सांगता येईल? पासपोर्टची पुस्तिका छापली जाते आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तिथून ती काय भावाने घेतली जाते, हे सरकारच्या वहीत कुठेतरी लिहिलेलं असणारच.

दर पत्रकच नीट वाचलं तरी प्रश्न पडतात. प्रौढ माणसाचा ३६ पानांचा पासपोर्ट १,५०० ला, ६० पानांचा २,००० ला. म्हणजे जादा चोवीस पानांचे ५००. लहान मुलाचा १,०००, आणि त्याची मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, पण पुस्तिका तीच, खिडक्या त्याच, टपाल तेच. मुलाच्या पासपोर्टला खर्च कमी येतो म्हणून शुल्क कमी आहे, की कुटुंबाला परवडावं म्हणून? दुसरं असेल तर ते चांगलंच आहे, मग ते तसं म्हणा. पासपोर्ट हरवला तर ३,०००. त्यात नव्या पुस्तिकेचा खर्च किती आणि हरवल्याचा दंड किती? दंड असेल तर ज्याच्या घरात पूर शिरला त्यालाही दंड का? २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी बडोद्याच्या किती घरांत शिरलं ते आम्ही पाहिलं आहे. पाण्यात भिजून लगदा झालेल्या कागदपत्रांच्या फायली लोक गच्चीवर वाळत घालत होते.

आता महागाईकडे येतो, कारण इथे मला सरकारच्या बाजूनेही बोलायचं आहे.

१ ऑक्टोबर २०१२ ला शुल्क १,००० वरून १,५०० झालं. तत्काळचं, म्हणजे घाईच्या पासपोर्टचं, जादा शुल्क १,५०० होतं ते २,००० झालं. त्यानंतर जून २०१७ मध्ये, कायद्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, आठ वर्षांखालच्या मुलांना आणि साठीपुढच्या माणसांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट जाहीर झाली. बाकी आकडा तिथेच थांबला. २०१२ ला १०० धरून काढलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२५ मध्ये १९० च्या पुढे गेला आहे. म्हणजे आजचे १,५०० रुपये २०१२ च्या भावाने आठशेच्याही आत येतात. पासपोर्ट महाग झाला अशी ओरड करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. हिशेबाने तो स्वस्त झाला आहे.

आणि सेवा सुधारली आहे, हे नाकारणं खोटेपणा होईल. मला जुने दिवस आठवतात. माझा पहिला पासपोर्ट काढायला मी पहाटेच्या गाडीने अहमदाबादला गेलो होतो, पावत्यांचा गठ्ठा घेऊन रांगेत उभा राहिलो होतो आणि फोटोची पाठ कोरी नाही म्हणून परत आलो होतो. आज बडोद्यातच सेवा केंद्र आहे. वेळ ठरवून जायचं, टोकन घ्यायचं, अ खिडकीवर कंपनीची मुलं कागद स्कॅन करतात, ब आणि क खिडकीवर सरकारी अधिकारी तपासून मंजुरी देतात. सगळं सुरळीत असेल तर माणूस तासा-दीड तासात बाहेर येतो. टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं सुरू करायची ठरली तेव्हा देशातली पहिली दोन जानेवारी २०१७ मध्ये उघडली, एक म्हैसूरला आणि दुसरं आमच्या शेजारच्या दाहोदला. दाहोदच्या माणसाला त्याआधी पासपोर्टसाठी दीडशे किलोमीटरवर बडोद्याला किंवा त्याहून लांब यावं लागायचं. बसभाडं, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या भावाचं जेवण. हे सगळं धरलं तर त्याच्यासाठी पासपोर्टची खरी किंमत शुल्कापेक्षा कितीतरी जास्त होती. दाहोदला केंद्र उघडणं ही त्याच्यासाठी शुल्ककपातच होती, राजपत्रात न आलेली.

म्हणून उद्या सरकार म्हणालं की खर्च वाढला आहे, शुल्क वाढवावं लागेल, तर मी विरोध करणार नाही. मी फक्त वही मागेन. वर्षानुवर्षं आकडा गोठवून ठेवायचा आणि मग एक दिवस एकदम पन्नास टक्के वाढवायचा, ही पद्धत वाईट आहे. गोठवलेल्या काळात लोकांना वाटतं सरकार दयाळू आहे, वाढवल्यावर वाटतं लुटारू आहे. दोन्ही समज चुकीचे, आणि दोन्ही हिशेब न दाखवल्यामुळे झालेले. त्यात भर म्हणजे, ज्याने वाढीच्या आदल्या आठवड्यात अर्ज केला आणि ज्याने नंतर केला त्यांच्यात काहीही फरक नसताना एकाला भुर्दंड.

दुसरे देश हे कसं करतात ते पाहिलं तर एकाच माळेचे मणी दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियात शुल्क दर १ जानेवारीला महागाईनुसार वाढतं, आणि २०२५ मध्ये ते ४१२ ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेलं. महागाईशी जोडणं चांगलं, पण मुळातला आकडाच फुगलेला असेल तर निर्देशांक त्या फुगवट्यालाही दरवर्षी हवा भरतो. तो धडा घेण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये ऑनलाइन अर्जाचं शुल्क २०२३ च्या सुरुवातीपर्यंत ७५.५० पौंड होतं, ते वाढत वाढत एप्रिल २०२५ ला ९४.५० झालं. पण दर वाढीच्या वेळी तिथलं सरकार सांगतं की ह्या पैशातून नफा घेतला जात नाही, आणि अर्जाची छाननी, परदेशात अडकलेल्या नागरिकांना मदत व सीमेवरची तपासणी ह्यांचा खर्च त्यातून भागतो. कुणाला सीमेवरचा खर्च शुल्कात धरणं पटणार नाही. पण काय धरलं आहे ते सांगितलेलं असतं म्हणून भांडता तरी येतं. अमेरिकेत परराष्ट्र खातं प्रत्येक सेवेला किती मनुष्यतास लागतात याचं खर्चाचं गणित मांडतं आणि शुल्क बदलताना ते सरकारी राजपत्रात छापतं.

ह्यातलं मला सगळ्यात भावलं ते कॅनडाचं. तिथे २०१७ मध्ये सेवाशुल्काचा वेगळा कायदाच झाला. खात्याने शुल्क घ्यायचं असेल तर सेवा किती दिवसांत देणार हे आधी जाहीर करायचं. शुल्क दरवर्षी महागाईनुसार बदलायचं. आणि जाहीर केलेली मुदत पाळली नाही तर शुल्काचा काही भाग माणसाला परत करायचा. कॅनडाही काही स्वर्ग नाही, २०२२ च्या उन्हाळ्यात तिथे पासपोर्टसाठी लोक रात्र-रात्र रांगेत उभे होते. पण कायद्यातला तो तिसरा भाग, परतफेडीचा, शुल्क या शब्दाला खरा अर्थ देतो. पैसे घेतले, काम वेळेत केलं नाही, तर पैसे परत. हे आपल्या भाजीवाल्यालाही कळतं.

आपल्याकडे उलट आहे. भरलेलं शुल्क परत मिळत नाही. वर्षभरात ठरलेल्या वेळेला तुम्ही जाऊ शकला नाहीत, दोनदा वेळ बदलूनही जमलं नाही, तर पैसे बुडाले, नवा अर्ज, नवं शुल्क. नागरिकाच्या उशिराची किंमत ठरलेली आहे. खात्याच्या उशिराची नाही.

आणि वेळेची किंमत सरकारला कळत नाही असंही नाही. पोलिस पडताळणीसाठी परराष्ट्र मंत्रालय राज्यांना पैसे देतं. २१ दिवसांच्या आत अहवाल आला तर अर्जामागे १५० रुपये, उशीर झाला तर त्याहून कमी. एक खातं दुसऱ्या खात्याशी असं वागतं, म्हणजे वेळेत काम तर पूर्ण पैसे, नाही तर कापून. मग ज्याच्या खिशातून हे १५० निघाले त्या अर्जदाराला उशिराबद्दल एक रुपयाही का मिळू नये? आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, त्यात मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० पर्यंत दंड आहे आणि तो अर्जदाराला भरपाई म्हणून देता येतो. राज्यांनी असे कायदे केले, गुजरातनेही २०१३ मध्ये केला. केंद्राच्या सेवांसाठी २०११ मध्ये विधेयक आलं होतं, ते २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली तेव्हा गेलं. पासपोर्ट केंद्राची सेवा आहे, म्हणून ती ह्या सगळ्यातून सुटली.

आता तत्काळ. माझा खरा राग इथे आहे.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे कारेलीबागेत राहतात. त्यांची मुलगी कॅनडात. बाळंतपण वेळेआधी होणार असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दोघांच्या पासपोर्टची मुदत संपलेली. मी फॉर्म भरायला बसलो. साध्या अर्जाला सगळ्यात जवळची तारीख तीन आठवड्यांनंतरची. तत्काळला चार दिवसांनंतरची. दोघांचे मिळून ७,००० भरले. केंद्रात तीच इमारत, त्याच खिडक्या, आणि त्याच आठवड्यात स्पीडपोस्टने दोन्ही पासपोर्ट घरी. पोलिस नंतर आले, पासपोर्ट कपाटात ठेवून झाल्यावर. बहीण मला म्हणाली, "दादा, आठ दिवसांत होतं, तर मग बाकीच्यांना का थांबवतात?"

तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजून सापडलेलं नाही. तत्काळच्या पासपोर्टला कागद तोच लागतो. छपाई तीच. लॅमिनेशन तेच. पाचव्या कलमातलं "खर्च भागवण्यासाठी" हे वाक्य इथे लावून पाहा. जादा २,००० रुपये कोणत्या खर्चाचे? जास्तीची माणसं नेमली आहेत का, रात्रपाळी लागते का, वेगळी छपाई यंत्रं आहेत का? असतील तर आकडे दाखवा, मी मान्य करीन. अमेरिकेत घाईच्या पासपोर्टला मूळ १६५ डॉलरवर ६० डॉलर जादा लागतात. आपल्याकडे जादाची रक्कम मूळ शुल्कापेक्षाही मोठी आहे. ब्रिटनमध्येही घाईचे पैसे चांगलेच जास्त आहेत, हे खरं, पण दुसऱ्याचं चुकलं म्हणून आपलं बरोबर होत नाही.

लोक रेल्वेच्या तत्काळचं उदाहरण देतात. ते इथे लागू पडत नाही. गाडीत बर्थ मोजके असतात, एकाला दिला की दुसऱ्याला नाही. तिथे जास्त पैसे देणाऱ्याला आधी जागा देण्यात निदान एक तर्क आहे. पासपोर्टच्या पुस्तिका मोजक्या नाहीत. मोजक्या आहेत त्या दिवसाच्या वेळा आणि फायलीवर सही करणारी माणसं, आणि ती किती ठेवायची हे सरकारच्या हातात आहे. स्वतःच्या हातातली टंचाई जोवर राहते तोवरच तत्काळला गिऱ्हाईक मिळतं. साधा पासपोर्ट आठ दिवसांत येऊ लागला तर २,००० रुपये कोण भरेल? कुणी मुद्दाम फायली दाबून ठेवतं असा आरोप मी करत नाही, केंद्रातली बरीच माणसं मन लावून काम करताना मी पाहिली आहेत. पण जी व्यवस्था संथपणातून कमावते तिला वेग वाढवायची गरज कधी वाटणार? माणसं चांगली असली तरी हिशेबाची मांडणी वाकडी असेल तर काम त्या वाकड्या बाजूनेच घरंगळतं.

आणि पडताळणीचं बघा. पासपोर्ट आधी देऊन पोलिसांनी नंतर चौकशी केली तर देशाच्या सुरक्षेला धोका नाही, हे तत्काळमध्ये सरकारने स्वतःच मान्य केलं आहे. मग तो विश्वास २,००० रुपये देणाऱ्यावरच का? माझ्या बहिणीकडे आधार, पॅन, मतदार कार्ड सगळं होतं. वेल्डरकडेही होतं.

त्या वेल्डरचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. त्याला तत्काळ परवडत नव्हतं. गुजरातमध्ये रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला २८८ रुपये होती. त्या मापाने साधा पासपोर्ट म्हणजे पाच दिवसांहून जास्त काम, तत्काळ म्हणजे बारा दिवसांहून जास्त. ब्रिटनमध्ये किमान वेतनावर राबणारा माणूस एप्रिल २०२५ पासूनच्या दराने तासाला १२.२१ पौंड कमावत होता, म्हणजे तेव्हाच्या ९४.५० पौंडांत आठ तासांच्या आत त्याचा पासपोर्ट होत होता. एका दिवसाची मजुरी. स्वस्त पासपोर्ट कुणाचा, हे रुपयांत मोजून कळत नाही, घामात मोजावं लागतं.

पोरगा दहावी नापास. त्यामुळे त्याच्या पासपोर्टवर परदेशगमनासाठी तपासणी आवश्यक असा शेरा येतो आणि आखातात कामाला जायचं तर परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे आणखी एक परवानगी, विमा, एजंटचं सेवाशुल्क. ह्या तपासण्या त्याच्या भल्यासाठी आहेत, फसवणूक टळावी म्हणून, आणि त्या असाव्यात. पण बघा, ज्याचं शिक्षण कमी, कमाई कमी, त्याच्या वाटेवर दारं जास्त आणि प्रत्येक दाराशी खर्च. हीच माणसं पुढे घरी पैसे पाठवतात. २०२४ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी देशात पाठवलेली रक्कम १२५ अब्ज डॉलरहून जास्त होती. अशा माणसाचा पहिला पासपोर्ट सरकारने नाममात्र शुल्कात दिला तर तिजोरीचं काय नुकसान होईल?

यावर एक चांगला आक्षेप येतो, आणि तो मला माझ्या बँकेतल्या एका मित्राने घातला. जो कधी देशाबाहेर जाणार नाही त्या शेतमजुराच्या कराच्या पैशातून दुसऱ्याचा पासपोर्ट का काढावा? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी सगळ्यांना फुकट द्या म्हणत नाही. फिरायला जाणाऱ्याने, शिकायला जाणाऱ्याने, माझ्यासारख्या पेन्शनवाल्याने पूर्ण खर्च भरावा, खर्च वाढला तर वाढीव भरावा. पण पोटासाठी जाणारा आणि फिरायला जाणारा यांना एकच दर लावणं हा समान न्याय नाही. सवलत द्यायची तर वयाला दिली, आठ वर्षांच्या मुलाला आणि साठीच्या माणसाला. कमाईचा विचार कुणी केला नाही.

बडोद्यात बसून हे लिहिताना सयाजीरावांची आठवण येतेच. १९०६ मध्ये त्यांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, कारण एखाद्याच्या पायावर उभं राहण्याची पहिली पायरी राज्याने बांधून द्यायची असते हे त्यांना उमगलं होतं. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते ह्याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या वेळी हिंदुस्थानातून बाहेर जायला पासपोर्टची सक्तीसुद्धा नव्हती, ती आली पहिल्या महायुद्धाच्या काळात. एका राज्याने एका गुणी मुलाला बाहेर पाठवण्यासाठी खर्च केला आणि देशाला काय मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे. मी प्रत्येक वेल्डरला शिष्यवृत्ती द्या म्हणत नाही. पण बाहेर पडू पाहणाऱ्या गरिबाकडे राज्याने कोणत्या नजरेने बघावं, याचा नमुना ह्या शहराने घालून दिलेला आहे.

वेल्डरला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी भाडेकराराची मूळ प्रत हवी होती. तिसऱ्या खेपेला सही झाली, आणि चहापाण्याचे दोनशे गेले. मी सांगितलं होतं की द्यायचं नाही. तो म्हणाला, "काका, चौथी पाळी बुडवली असती तर सहाशे गेले असते." त्याचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता.

त्रेपन्नाव्या दिवशी पासपोर्ट आला. तोवर कतारची ती जागा दुसऱ्याने घेतली होती. एजंट म्हणाला, पुढच्या भरतीत बघू. महिन्याभराने पोरगा पुन्हा आला, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आतली तारीख मला दाखवायला. नवी कोरी निळी पुस्तिका, एकही शिक्का नाही.

"काका, ही दहा वर्षं मी जाईन तेव्हापासून मोजतात ना?"

"नाही रे," मी म्हटलं. "काढल्या तारखेपासून."

त्याने पुस्तिका परत पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं.